घरच्या सामानाने हाताची पकड कशी वाढवायची: सारखे विचारले जाणारे प्रश्न

कबड्डी खेळणारी पोरं, गोविंदा पथकातले, मुंब्र्याच्या नाहीतर बेलापूरच्या कातळावर चढायला जाणारे, डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजनाचा बार उचलायला, कंबर तयार असते पण बार हातातून सुटतो म्हणून वैतागलेले जिमवाले, आणि बरणीचं झाकण उघडत नाही म्हणणाऱ्या काकू, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक लोक नुसती मूठ आवळण्याच्या मागे लागतात, आणि अंगठा, मनगट, जाड वस्तू धरणं आणि बोटं उघडणं या चार गोष्टी तशाच राहतात. घरी बनवलेल्या सामानावर नेमक्या याच चार गोष्टी सगळ्यात चांगल्या होतात.

पकड वाढवायची म्हणजे नक्की काय वाढवायचं?

पकड एक नसते. ग्रिपर, म्हणजे मुठीत दाबायचं स्प्रिंगचं साधन, दाबतो किंवा कोणाचा हात गच्च दाबतो ती मूठ आवळायची ताकद. पाण्याचा कॅन उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेतो किंवा ट्रेनच्या कडीला धरून उभे राहतो ती धरून ठेवायची ताकद. वीट वरून उचलतो ती चिमटीची, म्हणजे अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला. आणि चौथं मनगट, जे वाकडं झालं की बाकीच्या तिन्ही ताकदी निम्म्यावर येतात. मनगट पुढे पूर्ण वाकवून मूठ आवळून बघा, लगेच कळेल.

आता हे करून बघा. बाही वर करा, दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या थोडं खाली आतल्या बाजूला ठेवा आणि करंगळीपासून एकेक बोट तळहातावर दाबा. आत काहीतरी सरकताना जाणवेल. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते फोरआर्ममध्ये, म्हणजे कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून लांब टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. अंगठ्याचं वेगळं आहे, त्याचे स्वतःचे स्नायू तळहाताच्या त्या फुगीर भागात आहेत, म्हणून मूठ कितीही आवळली तरी अंगठा आपोआप तयार होत नाही, त्याला वेगळं काम द्यावं लागतं.

ऑनलाइन ग्रिपर घेतलाय, तो पुरेल ना?

घेतलाय तर वापरा, वाईट नाही. पण ग्रिपरमध्ये अंगठा जवळजवळ नुसता टेकलेला असतो, मनगट हलत नाही आणि रुंदी ठरलेली. शिवाय स्वस्तातल्या ग्रिपरवर छापलेले किलो मनावर घेऊ नका, एका कंपनीचे ४० आणि दुसऱ्या कंपनीचे ४० हातात घेतल्यावर सारखे लागतीलच असं नाही.

सामान काय लागतं आणि कुठे मिळतं?

फावड्याचा दांडा, नायलॉनची दोरी, दोन-तीन पाच लिटरचे रिकामे कॅन, एक-दोन लाल विटा, जुना टॉवेल, रंगाचा रिकामा डबा, सायकलची फाटकी ट्यूब. झालं. दांडा आणि दोरी कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळेल, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत सगळं होतं. ट्यूब पंक्चरवाला बहुतेक वेळा फुकट देतो. रंगाचा डबा बिल्डिंगला रंग दिला जात असेल तर काँट्रॅक्टरच्या माणसाकडे मागा. नवी मुंबईत राहणाऱ्यांना एपीएमसी मार्केटच्या आसपास बारदान, म्हणजे रिकामी पोती स्वस्तात मिळतात, त्यात वाळू भरून उचलणं हा पकडीचा फार चांगला व्यायाम आहे कारण पोत्याला कान नसतात, कापडच मुठीत धरावं लागतं.

वजनाचा हिशोबही सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या थोडी वर. पाण्याचा मोठा फायदा असा की पाव लिटर वाढवलं की पाव किलोच वाढतं, आणि मनगटाच्या व्यायामात इतकं बारीक वाढवणं फार कामाला येतं. जिमच्या नेहमीच्या प्लेट्समध्ये एवढी बारीक वाढ मिळत नाही.

मनगटाचा रोलर कसा बनवायचा? नीट सांगा.

नीटच सांगतो कारण एकच वस्तू बनवणार असाल तर हीच बनवा.

फावड्याचा दांडा घ्या, साधारण दीड इंच जाडीचा, आणि दीड फुटाचा तुकडा कापून घ्या. पीव्हीसी पाइपही चालतो पण पातळ घेऊ नका, मधे वाकतो आणि मग दोरी घसरते. बरोबर मधोमध आरपार भोक पाडा, दोरी ओवा, दुसऱ्या बाजूला दोन गाठी मारा. भोक न पाडता नुसती दोरी बांधली तर वजन वाढल्यावर दोरी दांड्यावर गोल फिरते आणि सगळी मजा जाते. दोरीची लांबी तुमच्या छातीपासून जमिनीपर्यंत. खाली पाच लिटरचा कॅन, आणि सुरुवातीला त्यात दोनच लिटर पाणी. हो, दोनच.

तळहात जमिनीकडे ठेवून दांडा धरायचा आणि एकदा उजवं मनगट एकदा डावं असं करत दोरी गुंडाळायची. वर आलं की सोडून द्यायचं नाही, तसंच एकेक मनगट फिरवत हळूहळू खाली सोडायचं, खरं काम तिथे होतं. एका दिशेने फिरवलं की फोरआर्मची वरची बाजू जळते, उलट दिशेने फिरवलं की आतली. दोन्ही करा. वरची बाजू आधी दमेल, सगळ्यांचीच दमते.

खांदे मनगटाच्या आधी दमत असतील तर हात हवेत ताणून धरायची गरज नाही. गच्चीच्या दोन कठड्यांमध्ये किंवा दोन खुर्च्यांच्या पाठींवर दांडा आडवा टेकवा आणि बसून फिरवा. आणि वजन वाढवायच्या ऐवजी दांडा जाड केला तरी चालतं: तेच पाच किलो २५ मिलिमीटरच्या पाइपवर आणि ५० मिलिमीटरच्या पाइपवर लावलं तर जाड पाइपवर मनगटाला दुप्पट जोर लावावा लागतो, कारण दोरी मध्यापासून दुप्पट लांब ओढते. फेरे मात्र निम्मे होतात.

जाड बार, जाड बार म्हणतात ते काय?

जिमचा नेहमीचा बार २८-२९ मिलिमीटरचा असतो. तो धरला की बोटं फिरून अंगठ्यावर येतात आणि कुलूप लागतं. बार ५० मिलिमीटरचा केला की ते कुलूप लागत नाही, मूठ अर्धी उघडी राहते आणि नेहमीचं वजन एकदम जड वाटायला लागतं. त्यासाठी काही विकत घ्यायला नको, जुन्या टॉवेलची पट्टी डंबेलच्या दांड्यावर घट्ट गुंडाळा आणि वरून सायकलची ट्यूब ताणून बांधा. टॉवेल सैल गुंडाळला तर तो मुठीत फिरतो, म्हणून ट्यूब हवीच.

कबड्डीवाल्यांना मी हाच व्यायाम पहिला सांगतो. समोरच्याचा घोटा किंवा मांडी धरायची असते, ती काही सळईएवढी बारीक नसते, आणि वर तो जीव तोडून हिसके देत असतो. बारीक दांड्यावर कमावलेली ताकद तिथे अर्धीच उपयोगी पडते. तालमीतले जुने लोक मुद्गल आणि गदा फिरवायचे त्यातही हेच होतं, मूठ जाड आणि वजन हातापासून लांब. गदा नसेल तर काठीच्या टोकाला पाण्याची एक लिटरची बाटली घट्ट बांधा, दुसरं टोक धरून हात खाली सरळ ठेवा आणि फक्त मनगटाने काठी पुढे उचला, मग काठी मागच्या बाजूला धरून मागे उचला. जमत नसेल तर मूठ बाटलीच्या जवळ सरकवा, अंतर निम्मं झालं की भारही निम्मा.

विटेचा व्यायाम करायचाय, कसा करू?

साधी लाल वीट साधारण नऊ इंच लांब, चार इंच रुंद आणि तीन इंच जाड असते, वजन तीन किलोच्या आसपास. सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या काँक्रीटचा ब्लॉक नको, तो हलका आणि फार रुंद. वीट लांब कडेवर उभी करा आणि वरून तीन इंचाच्या जाडीत चिमटीत धरा. तळहात विटेला लागता कामा नये. उचला, हात बाजूला सरळ खाली सोडा आणि धरून ठेवा. वीस सेकंद सहज जात असतील तर घरात चालायला लागा, चालताना वीट हलते आणि अंगठ्याला खरं काम पडतं. पुढची पायरी म्हणजे चार इंचाच्या बाजूने धरायची. ज्यांचा हात लहान आहे त्यांनी तिकडे जायची घाई करू नये.

खाली जुनी गोधडी दुमडून टाका आणि पाय लांब ठेवा. फरशीही वाचते आणि खालच्या मजल्यावरचे वर येत नाहीत.

विटेला एक मर्यादा आहे, वजन वाढवता येत नाही आणि खरबरीत असल्याने पकड सोपी जाते. मग सुताराकडून एक इंच जाडीच्या, सहा इंच लांबीच्या दोन फळ्या एकमेकींना स्क्रूने जोडून घ्या, खालच्या कडेत एक हूक बसवा आणि हुकाला बाजाराची पिशवी अडकवा. पिशवीत पाण्याच्या बाटल्या. फळीवर पॉलिश अजिबात मारू नका. माझ्या मते घरच्या सगळ्या सामानात अंगठ्यासाठी याहून चांगलं काही नाही, आणि अंगठा तयार झाला की बाकीच्या पकडीत लगेच फरक दिसतो.

तांदळाच्या बादलीत हात घालतात ते बघितलंय, ते करायचं का?

व्यायाम चांगला आहे, तांदूळ नको. खायचं धान्य घामाने खराब करायचं मला पटत नाही. वाळू घ्या. पण आजकाल बांधकामाच्या साइटवर जी मिळते ती बहुतेक क्रश सँड असते, दगड फोडून केलेली, तिचे कण टोकदार आणि धूळ फार, नखांच्या कडा सोलून निघतात. गोल कणांची रेती मिळाली तर उत्तम. खाडीची असेल तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, खारट असते, कापलेल्या बोटाला झोंबते. उन्हात वाळवा, पिठाच्या नको पण जाड चाळणीने चाळा आणि दहा लिटरची बादली पाऊण भरा.

हात मनगटाच्या वरपर्यंत आत खुपसा. आत मूठ मिटा, मग आत बोटं पसरून उघडा, मग मनगट गोल फिरवा. प्रत्येक प्रकार अर्धा मिनिट. यातलं बोटं पसरणं सगळ्यात महत्त्वाचं, ते टाळू नका.

लटकायला घरात जागा नाही, खिडकीच्या ग्रिलला लटकू का?

नाही. कधीच नाही. बाहेर काढलेली ग्रिल भिंतीत चार-सहा स्क्रूंवर उभी असते आणि आपल्याकडच्या पावसात ते स्क्रू आतून गंजलेले असतात, बाहेरून रंग चकचकीत दिसतो. पंख्याचा हूकही नाही, दाराच्या चौकटीला अडकवायचा बारही भिंत पोकळ वाजत असेल तर नाही.

जुन्या घरांमध्ये झोपाळ्याच्या कड्या असतात, स्लॅब भरतानाच सळयांना अडकवून बसवलेल्या, त्या चालतात. पण आधी वर नीट बघा: कडीच्या भोवती स्लॅबला तडे, गंजाचे तपकिरी डाग किंवा ओल दिसली तर हात लावू नका. कड्या धड असतील तर दोन्ही कड्यांतून जाड दोर घेऊन त्यावर टॉवेल टाका आणि टॉवेलची टोकं धरून लटका. आधी पाय जमिनीवर ठेवून अर्धंच वजन द्या. नाहीतर सरळ बागेतल्या ओपन जिमला जा, तिथे लोखंडी बार असतो, सकाळी लवकर गेलात तर रिकामा मिळतो, टॉवेल घरून न्या.

क्लाइंबिंगसाठी वेगळं काही?

नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ ला बोल्डरिंगचा, म्हणजे दोर न लावता कमी उंचीवर चढायच्या खेळाचा वर्ल्ड कप झाला तेव्हापासून इथल्या पोरांमध्ये हे वेड वाढलेलं मी बघतोय आणि मला त्याचा फार आनंद आहे. फक्त एक विनंती: लाकडाची पट्टी ठोकून पहिल्याच महिन्यात बोटांच्या टोकांवर लटकू नका. बोटांच्या हाडांना टेंडन चिकटून राहावा म्हणून छोटे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात, अचानक भार आला की त्या फाटतात आणि बरं व्हायला महिने जातात. आधी काही महिने नुसतं चढा, टॉवेलला लटका, फळीच्या चिमटीचा व्यायाम करा. पट्टीवर जाल तेव्हा कड गोल घासलेली, २० मिलिमीटर तरी खोल, आणि पाय स्टुलावर टेकवून.

रोज करू का?

रोज जड नको. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस मोकळा. स्नायू लवकर तयार होतात, टेंडन हळू, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आता काहीही उचलू शकतो असं वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच कोपर दुखायला लागतं. एका दिवशी दोनच गोष्टी घ्या, उदाहरणार्थ रोलर आणि फळी, पुढच्या वेळी जाड डंबेल आणि बादली. रोलर तीन-चार वेळा वर-खाली, धरून ठेवायचे व्यायाम वीस ते चाळीस सेकंदांचे, सुटायच्या जरा आधी खाली ठेवायचं. नेहमीच्या व्यायामाच्या शेवटी करा, आधी केलं तर पुढे पुलअप्सला हातच राहणार नाहीत.

बोटं उघडण्याचा व्यायाम खरंच लागतो का?

लागतो, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज बाइक चालवणाऱ्यांना तर सगळ्यात जास्त लागतो. डावा हात तासभर क्लच दाबतोय, घरी येऊन परत ग्रिपर दाबायचा, म्हणजे मिटण्याचंच काम चाललंय आणि उघडणारे स्नायू तसेच. पंक्चरवाल्याकडच्या ट्यूबची बोटभर रुंद गोल चकती कापा, पाचही बोटांच्या टोकांभोवती बसवा, बोटं फाकवा, दोन सेकंद थांबा, हळू मिटा. वीस-पंचवीस वेळा. हा मात्र रोज केला तरी चालतो, सिग्नलला चालतो, टीव्हीसमोर चालतो.

प्रगती मोजायची कशी?

प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल काटा असतो ना, हुकाचा, बहुतेक ५० किलोपर्यंतचा, तो घ्या. फळीचा हूक काट्याच्या वरच्या कडीत अडकवा, काट्याच्या खालच्या हुकात दोरीचा फास, फासात स्वतःचा पाय. फळी चिमटीत धरून सरळ वर ओढा आणि आकडा बघा, हिसका न देता. महिन्यातून एकदाच मोजा आणि दोन्ही हातांचं वेगळं लिहून ठेवा.

माझ्या आईचं वय ६५ आहे, तिला याचा काही उपयोग?

खूप. मला तर वाटतं पकडीची खरी गरज त्याच वयात आहे. २०१५ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये १७ देशांतल्या साधारण १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात भारतही होता, आणि ज्यांची पकड कमी त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पकड वाढवली की आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही, पकड हा एकूण शरीराच्या ताकदीचा अंदाज आहे. आशियातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे मशीनवर पुरुषांची पकड २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली असेल तर स्नायू कमजोर झालेत का ते तपासायला सांगतात. फिजिओथेरपिस्टकडे हे मशीन असतं.

आईसाठी रोलर-बिलर काही नको. ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळणं, वर्तमानपत्राचं एक पूर्ण पान कोपऱ्यात धरून एकाच हाताने चुरगाळत गोळा करणं, दोन हातांत अर्ध्या-अर्ध्या भरलेल्या पिशव्या घेऊन घरात चालणं. सोबत खुर्चीतून हात न टेकवता उठ-बस करू द्या, नुसत्या हातांनी भागत नाही. संधिवात असेल, सांधे सुजलेले आणि गरम असतील तर त्या दिवशी काहीच नको.

ब्लड प्रेशर आहे, चालेल?

डॉक्टरांना विचारून. जोरात धरून ठेवताना श्वास कोंडला की प्रेशर तेवढ्यापुरतं चांगलंच वर जातं, म्हणून वजन हलकं आणि तोंडाने मोठ्याने आकडे मोजत करा, आकडे मोजताना श्वास कोंडता येत नाही.

हाताला मुंग्या येतात, बोट अडकतं, काय करू?

घट्टे पडणं, दुसऱ्या दिवशी फोरआर्म जड वाटणं ठीक आहे. घट्टे फार जाड झाले तर आंघोळीनंतर वजरीने घासा, ब्लेड लावू नका. पण अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या, त्यातून रात्री झोपमोड होत असेल, तर मनगटातली नस दबत असू शकते. करंगळीकडे मुंग्या असतील तर दुसरी नस, बऱ्याचदा कोपराकडची. सकाळी एखादं बोट मिटलेलं राहतं आणि टक्कन उघडतं ते ट्रिगर फिंगर, डायबेटिस असलेल्यांना जास्त होतं. या तिन्हींत व्यायाम थांबवा आणि ऑर्थोपेडिककडे जा, तेल चोळून अजून पंधरा दिवस बघू असं करू नका.

हाताला फार घाम येतो.

टाल्कम पावडर लावू नका, अजून घसरतं. क्लाइंबिंगवाल्यांचा चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, तो थोडा वापरा. आखाड्यात पैलवान हाताला तांबडी माती चोळतात तेही याचसाठी. निम्मा व्यायाम मात्र काहीच न लावता करा, कबड्डीच्या मॅचमध्ये समोरच्याच्या पायाला चॉक नसतो.

पावसाळ्यात सामान खराब होतं, काय करायचं?

जून ते सप्टेंबर बाल्कनीत काही ठेवू नका. सुती दोर आणि काथ्या ओला राहिला की आतून कुजतो, वरून कळत नाही, म्हणून लटकायला वापरायचा दोर दर वेळी पीळ उलगडून आत काळा पडलाय का बघा, धागे हाताने तुटत असतील तर कपडे वाळत घालायला वापरा. दांड्याला महिन्यातून एकदा पॉलिश पेपर मारा. बादलीतली वाळू दमट झाली तर तव्यावर नाही, पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरा, दोन दिवसांत मोकळी होते. रंगाच्या डब्यात वाळू भरून उचलत असाल तर डब्याचे कान, जिथे तारेची कडी अडकते ती जागा, दर वेळी बघा, प्लास्टिक पांढरं पडायला लागलं की तो डबा संपला. आणि तार हातात रुतते म्हणून तिच्यावर पाइपचा चार इंचाचा तुकडा उभा चिरून बसवा, तो जितका जाड तितकं बरं.